बघा, पण हात लावू नका

पोर्टलंडमधल्या एका सर्जनने आपला रुग्ण पायाच्या धमनीच्या क्ष-किरण तपासणीसाठी पाठवला आणि सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ताकीद लिहिली. मतलब एवढाच की, बघा, पण दुरुस्त करायला जाऊ नका.

ही साठच्या दशकातली गोष्ट. चिठ्ठी जाणार होती ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातले क्ष-किरण विभागाचे प्रमुख डॉ. चार्ल्स डॉटर यांच्याकडे. खरं तर असली ताकीद देण्याचं कारणच नव्हतं. क्ष-किरणवाल्याने फोटो काढायचा, त्यावर दोन ओळी लिहायच्या आणि पाकीट परत पाठवायचं, कापाकापी सर्जनची. नळ गळतोय असं सांगणाऱ्याला कुणी ‘पान्हा घेऊ नकोस’ म्हणत नाही. सर्जनला ते लिहावं लागलं, याचा अर्थ या गृहस्थांनी तोवर पान्हा हातात घेतलेला होता.

अँजिओप्लास्टी म्हटलं की आपला हात आपसूक छातीकडे जातो. कुणाच्या काकांना ‘दोन ब्लॉकेज निघाले, एक स्टेंट टाकला’ असं आपण ऐकतो तेव्हा ते हृदयाचंच असणार, हे गृहीत असतं. पण हा सगळा उपचार जन्मला पायात. हृदयाची पाळी आली ती तेरा वर्षं उलटल्यावर.

पायाच्या धमन्या तुंबण्याचं दुखणं जुनंच. त्याचं पहिलं नेमकं वर्णन झालं ते मात्र माणसाचं नव्हे, घोड्याचं. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने असा एक घोडा पाहिला, जो थोडा पळाला की मागच्या पायाने लंगडायचा आणि उभा राहिला की बरा व्हायचा. धमनी बंद झालेली होती. पुढे १८५८ मध्ये शार्को या विख्यात फ्रेंच वैद्याने माणसात तेच दाखवून दिलं. चालताना पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त लागतं, अरुंद धमनी तेवढं पुरवू शकत नाही, पोटरी भरून येते, माणूस थांबतो. दोन मिनिटांत दुखणं ओसरतं, पुन्हा चालतो, पुन्हा थांबतो. आपल्याकडे बाजारातून येताना दर चौकात ओळखीच्या दुकानदाराशी गप्पा मारायला थांबणारे आजोबा असतात. त्यांतल्या काहींना गप्पांची हौस नसते, पोटरी थांबवते.

हे इथवरच राहिलं तर माणूस वर्षानुवर्षं निभावून नेतो. पण तंबाखू, विडी-सिगारेट, मधुमेह आणि वय यांनी धमनी आणखी तुंबत गेली, तर रात्री झोपल्यावरही पाऊल दुखतं. माणूस पाय पलंगाखाली लोंबता सोडून बसतो, म्हणजे उतारावरून तरी थोडं रक्त खाली जावं. मग एखादी साधी जखम भरत नाही, बोट काळं पडतं. ‘पाय कापावा लागेल’ हे वाक्य घरात येतं ते इथे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कापण्याला फारसा पर्याय नव्हता. १९४८ साली पॅरिसमध्ये जाँ क्यूनलॅं यांनी रुग्णाच्याच पायातली एक शीर काढून तुंबलेल्या धमनीला बगल देणारा रस्ता शिवला. हाच पायाचा बायपास. तो उत्तम चालायचा, पण त्यासाठी मोठी भूल, लांब चिरा, कित्येक तासांचं ऑपरेशन. आणि ज्यांचे पाय काळे पडत होते ते बहुतेक म्हातारे, हृदयाने खंगलेले, साखरेने पोखरलेले. ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच ऑपरेशन झेपायचं सर्वांत कमी.

दरम्यान रक्तवाहिन्यांच्या आत शिरण्याचे रस्ते भलतीच माणसं उघडत होती. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावच्या इस्पितळात वेर्नर फोर्समान या नवख्या डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून रबरी नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि जिना उतरून क्ष-किरण खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. त्याचं नोबेल मिळायला १९५६ उजाडलं. पण आपल्या गोष्टीला जास्त उपयोगी पडला तो स्टॉकहोमचा स्वेन-इवार सेल्डिंगर. जाड नळी धमनीत घालायची तर तितकीच जाड सुई हवी, आणि एवढी सुई टोचली की रक्तस्राव. सेल्डिंगर एकदा सुई, तार आणि नळी अशा तीन वस्तू हातात घेऊन हताश उभा होता आणि क्षणात त्याला त्यांचा क्रम सुचला : बारीक सुई टोचायची, तिच्यातून तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची, तारेवरून नळी सरकवायची, शेवटी तार ओढून घ्यायची. १९५३ साली हे छापून आलं. एवढ्याशा युक्तीवर पीएच.डी. होणार नाही असं त्याच्या वरिष्ठांचं मत पडलं, म्हणून त्याने प्रबंध दुसऱ्याच विषयावर लिहिला. आज जगातल्या कुठल्याही कॅथ लॅबमध्ये सकाळी पहिली कृती कुठली होत असेल, तर ती हीच.

डॉटर यांच्या हाती ही युक्ती आली तेव्हा ते ऐन उमेदीत होते. जन्म १९२० चा, बोस्टनचा. बत्तिसाव्या वर्षी, १९५२ मध्ये, ते ओरेगनमध्ये विभागप्रमुख झाले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. मोठे गिर्यारोहक, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची चौदा हजार फुटांवरची सगळी शिखरं त्यांनी पालथी घातली होती. गिटारच्या तारा आणि मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल यांतून कॅथेटरची, म्हणजे धमनीत घालायच्या नळ्यांची, सामग्री बनवण्याचा त्यांना नाद होता. एका व्याख्यानात बोलता बोलता त्यांनी बाही वर केली आणि आपल्याच दंडातून हृदयापर्यंत गेलेली नळी यंत्राला जोडून श्रोत्यांना स्वतःच्या हृदयातला दाब पडद्यावर दाखवला. लोक त्यांना ‘क्रेझी चार्ली’ म्हणत. येडा चार्ली. हे नाव प्रेमाने घेणारे थोडे होते, बाकीचे मनापासून घेत.

१९६३ मध्ये एक अपघात घडला. एका रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या धमनीचा फोटो काढायचा म्हणून डॉटर यांनी जांघेतून कॅथेटर वर सरकवला. वाटेत ओटीपोटातली धमनी पूर्ण बंद होती, आणि नळी ती फोडून सरळ पुढे निघून गेली. बंद रस्ता नकळत उघडला होता. दुसऱ्या कुणी घाबरून नळी मागे घेतली असती. डॉटर विचारात पडले, की चुकून होतं ते मुद्दाम का करू नये?

त्याच वर्षी जूनमध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात क्ष-किरणतज्ज्ञांची परिषद होती. डॉटर यांनी तिथे भविष्यातल्या कॅथेटरवर भाषण केलं. त्याचा सूर असा होता, की ही नळी निदानापुरती राहणार नाही, सर्जनच्या सुरीची जागा घेईल. ऐकणाऱ्यांत योसेफ रॉश हा चेक डॉक्टर होता. तो पुढे पोर्टलंडला गेला, तिथेच राहिला आणि डॉटर यांच्या पश्चात त्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेचा पहिला संचालक झाला.

वर्षाअखेरीस शिकागोच्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या मेळाव्यात आणखी एक गाठ पडली. बिल कुक नावाचा तरुण टेबल मांडून तारा आणि टेफ्लॉनच्या नळ्या विकत होता. नळीला आकार कसा द्यायचा हे दाखवायला शेजारी छोटा ब्लो-टॉर्च. इंडियानातल्या ब्लूमिंग्टन गावी राहत्या घरातल्या एका खोलीत त्याने नुकताच हा धंदा मांडला होता. डॉटर आले, टॉर्च आणि नळ्या उसन्या मागून घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा कॅथेटर बनवून परत हजर. कुकने ते दहा डॉलरला एक असे विकले. या क्षेत्रातला पुढचा अब्जावधींचा व्यापार इतक्या घरगुती रीतीने सुरू झाला.

आता १६ जानेवारी १९६४. पोर्टलंडच्या इस्पितळात ८२ वर्षांच्या एक बाई दाखल होत्या. डाव्या पावलावर न भरणारी जखम, बोटं काळवंडलेली, वेदना असह्य. सर्जननी पाय काढायचा सल्ला दिला होता आणि बाईंनी ठाम नकार. पाय घेऊनच मरेन, पण कापू देणार नाही. दुसरा उपाय उरला नाही तेव्हा प्रकरण डॉटर यांच्याकडे आलं. मांडीच्या धमनीत एका ठिकाणी, थोड्याच लांबीचा, अरुंद भाग होता. अशा प्रयोगाला याहून सोयीची जागा मिळणं कठीण.

डॉटर आणि त्यांचे सहकारी मेल्विन जडकिन्स यांनी जागेपुरती भूल देऊन जांघेत सुई टोचली आणि अरुंद जागेतून तार पार केली. तारेवरून टेफ्लॉनची निमुळती नळी ढकलली आणि त्या नळीवरून आणखी जाड नळी. काही मिनिटांत पाऊल गरम झालं, लाल झालं. जमलेल्या डॉक्टरांना वाटलं, आता गुठळी होऊन हे पुन्हा बंद पडणार. पडलं नाही. आठवड्याभरात वेदना गेल्या, पुढे जखम भरली. तीन आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी काढलेल्या फोटोंत रस्ता मोकळाच दिसला. बाई पुढे अडीच-तीन वर्षं जगल्या, आणि तोवर आपल्या दोन पायांवर चालत होत्या.

नोव्हेंबर १९६४ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात दोघांचा लेख आला : नऊ रुग्ण, अकरा पाय. ‘लाइफ’ या साप्ताहिकाने त्याआधी ऑगस्टमध्येच डॉटर यांची छायाचित्रं छापली होती. त्यांत काम करतानाचे त्यांचे हावभाव असे टिपले गेले, की ‘येडा चार्ली’ घरोघरी पोचला. अमेरिकी सर्जनमंडळींना एवढं पुरेसं होतं. डॉटरही काही कमी नव्हते. पाइप आणि पान्हा यांची फुली हे त्यांनी आपलं बोधचिन्ह करून टाकलं. प्लंबर पाइपला करतो ते आम्ही रक्तवाहिनीला करतो, असं ते उघड म्हणत. बारा-बारा वर्षं शिकून सर्जन झालेल्यांना आपली तुलना प्लंबरशी झालेली कशी रुचावी?

तरी विरोध निव्वळ मानापमानाचा नव्हता. सर्जनच्या शंकेत तथ्य होतं. धमनी जितकी रुंद करायची तितकीच जाड नळी जांघेतल्या भोकातून आत घालावी लागे. म्हणजे आतला रस्ता रुंद होताना बाहेरचं भोकही रुंद होई. शिवाय नळी पुढे ढकलताना आतला कचरा सुटून खाली पावलाकडे जाण्याची भीती. लांबलचक अडथळ्यांत तिचं चालेना. अमेरिकेत ही पद्धत दहा-बारा वर्षं जवळजवळ अडगळीत पडली.

ती जगली जर्मनीत. एंगेल्सकिर्शन गावच्या रुग्णालयात एबरहार्ड झाइटलर यांनी ती चिकाटीने शेकडो पायांवर वापरली. जर्मन भाषेत तिचं क्रियापदच झालं, ‘डॉटर्न’. मराठीत म्हणायचं तर ‘डॉटरणे’. स्वतःच्या गावात ज्याला हात लावू नका म्हणून बजावत होते, त्याचं नाव परमुलखात धातुकोशात जाऊन बसलं.

झाइटलर यांच्याकडे शिकायला आलेल्यांत आन्द्रेआस ग्रुंट्सिग होता. जन्म ड्रेस्डेनचा, १९३९ चा. पूर्व जर्मनीतून निसटून हायडेलबर्गला शिकला आणि १९६९ मध्ये झुरिकला स्थिरावला. देखणा, बोलका, कमालीचा चिकट. डॉटर यांच्या पद्धतीची मेख त्याने अचूक ओळखली. आत जाताना बारीक आणि आत गेल्यावर जाड होईल असं काहीतरी हवं होतं. म्हणजे फुगा. पण साधा रबरी फुगा फुगवला की तो जिथे अडथळा नाही तिकडे पसरतो, अडथळ्याला वळसा घालतो. ठरावीक मापापर्यंत फुगेल, त्यापुढे तसूभरही नाही, आणि त्या मापाला दगडासारखा घट्ट राहील, असा फुगा बनवायचा कशाचा?

रेशमी जाळी गुंडाळून पाहिली, जमलं नाही. मग झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले निवृत्त रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख होफ यांनी त्याला एक वेगळं प्लास्टिक दाखवलं : पीव्हीसी. आपल्या भिंतीतून पाणी नेतात त्याच जातीचं. इस्पितळातली नोकरी आटोपून ग्रुंट्सिग घरी येई आणि स्वयंपाकघरातलं टेबल ही त्याची कार्यशाळा होई. त्याची सहायक मारिया श्लुम्फ, तिचा नवरा आणि ग्रुंट्सिगची बायको मिखाएला, असे चौघे ब्लेड, दोरा, डिंक घेऊन रात्र-रात्र नळ्यांवर फुगे बसवत. शेकडो फुटले. डॉटर यांना एक प्लंबर पुरला होता, ग्रुंट्सिगला अख्खं घर कामाला लावावं लागलं.

१२ फेब्रुवारी १९७४ ला हा फुगा पहिल्यांदा एका ६७ वर्षांच्या रुग्णाच्या पायाच्या धमनीत फुगला. काम फत्ते झालं. पण ग्रुंट्सिगची नजर पायावर नव्हतीच. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये त्याने तोच फुगा आणखी बारीक करून ३८ वर्षांच्या एका जाग्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत फुगवला, आणि जग त्या बाजूला धावलं. पैसा, संशोधन, हुशार पोरं, वर्तमानपत्रांचे मथळे, सगळं छातीकडे गेलं. ज्या पायाने वाट दाखवली तो मागे राहिला.

इतिहास कधीकधी फार ठोकळेबाज योग जुळवतो. १९८५ च्या जानेवारीत जडकिन्स गेले, फेब्रुवारीत डॉटर. ऑगस्टमध्ये हृदयाच्या धमन्यांचे पहिले फोटो काढणारे मेसन सोन्स गेले. ऑक्टोबरमध्ये ग्रुंट्सिग अमेरिकेत जॉर्जियाच्या वादळी हवेत स्वतःचं विमान चालवत असताना दुसऱ्या बायकोसह अपघातात गेला. वय ४६. अवघ्या दहा महिन्यांत पहिली पिढी संपली.

मागे राहिला तो एक चिवट प्रश्न. फुगा फुगवला की धमनीच्या आत काय होतं? सुरुवातीला वाटायचं, बर्फ पायाखाली दाबावा तशी आतली चरबी दाबली जाते. तसं नसतं. तिला तडे जातात आणि भिंत ताणली जाते. थोडक्यात, आपण आतून जखम करतो. शरीर जखम भरून काढणारच. भरताना आतल्या पेशींचा थर जाड होतो आणि काही महिन्यांत धमनी पुन्हा अरुंद. पुढच्या चाळीस वर्षांतली जवळजवळ सगळी नवी उपकरणं ही शरीराच्या या चांगुलपणाशी घातलेली झुंज आहे.

पहिला उपाय सुचला तोही डॉटर यांनाच. १९६९ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या पायांच्या धमन्यांत तारेची स्प्रिंग बसवून पाहिली, भिंत आतून तोलून धरावी म्हणून. असल्या आधाराला आज आपण स्टेंट म्हणतो. हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या चार्ल्स स्टेंट या लंडनच्या दंतवैद्याच्या आडनावावरून आलेला, दाताचे साचे घ्यायचं त्याचं मिश्रण प्रसिद्ध होतं. १९८३ साली डॉटर यांनी निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची स्प्रिंग वापरली. थंड असताना आक्रसलेली, शरीराच्या उबेत मूळ आकाराला येणारी.

तरी बाजारात प्रथम पोचला तो दुसराच. हुलियो पालमाझ या अर्जेंटिनी क्ष-किरणतज्ज्ञाने १९७८ मध्ये ग्रुंट्सिगचं व्याख्यान ऐकलं आणि फुगा काढल्यावर धमनी मिटू नये म्हणून काय करता येईल, याचा ध्यास घेतला. त्याला आकार सापडला तो गॅरेजमध्ये. प्लास्टर करणाऱ्या गवंड्याने मागे टाकलेली धातूची जाळी, जी ओढली की चौकटी उघडतात आणि तशाच राहतात. सॅन अँटोनिओतल्या फिल रोमानो नावाच्या हॉटेलवाल्याने अडीच लाख डॉलर घातले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पालमाझ स्टेंटला ओटीपोटातल्या धमन्यांसाठी परवानगी दिली. तिथे तो झकास बसला. धमनी रुंद, सरळ, रक्ताचा वेग चांगला.

मांडीत मात्र पंचाईत झाली. हृदय धडधडतं, पण त्याची धमनी वाकत-पिळवटत नाही तितकी मांडीची पिळवटते. ही धमनी जांघेपासून गुडघ्यापर्यंत हातभर लांब, स्नायूंच्या बोगद्यातून जाणारी. पाऊल टाकलं की ताणली जाते, बसलं की दुमडते. मांडी घालून जेवणाऱ्या आणि उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या आपल्या लोकांच्या गुडघ्यामागे काय होत असेल ते सांगायला नको. पालमाझची जाळी एकदा चेपली की चेपलेलीच राही. पुढे निटिनॉलचे लवचीक स्टेंट आले, पण त्यांच्या तारा काही रुग्णांत तुटू लागल्या. २००६ मध्ये व्हिएन्नाच्या १०४ रुग्णांच्या चाचणीत, सहा महिन्यांनी, निटिनॉल स्टेंटवाल्यांपैकी २४ टक्क्यांची धमनी पुन्हा अरुंद झाली होती, नुसत्या फुग्यानंतर ४३ टक्क्यांची. सुधारणा खरी, पण चौघांतला एक सहा महिन्यांत मूळपदावर.

मधल्या काळात कुणी आतली चरबी तासून काढणारी फिरती पाती आणली, कुणी लेसर. ऐंशीच्या दशकात लेसरचा गाजावाजा एवढा झाला, की फुगा आता संग्रहालयात जाणार असं वाटावं. गाजावाजा विरला, फुगा राहिला. इंग्लंडमध्ये लेस्टरला १९८७ साली आमन बोलिया यांची तार चुकून धमनीच्या पोकळीतून भिंतीच्या थरांत शिरली आणि अडथळ्याच्या पलीकडे पुन्हा पोकळीत उतरली. चूक बघून त्यांनी तीच पद्धत केली. लांब, पूर्ण बंद धमन्यांसाठी भिंतीच्या आतून बोगदा काढायचा. या क्षेत्राला अपघात लाभदायकच ठरत आले आहेत.

मग आला औषधाचा टप्पा, आणि इथे गोष्ट वळसा घेऊन आपल्या मुलखाला स्पर्श करते. १९६२ साली ओरेगनला लागून असलेल्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञांनी पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. कर्करोगावर काही निघतं का ते पाहण्यासाठी. उत्तर कॅरोलायनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्या सालीतून टॅक्सॉल वेगळं काढलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. ते विद्यापीठ ब्लूमिंग्टनचं, म्हणजे कुकने खोलीत धंदा मांडला त्याच गावचं. पेशींची वाढ रोखणारं हे औषध आधी कर्करोगात गाजलं. मग जर्मनीत ते फुग्यावर माखून पाहिलं गेलं : फुगा मिनिटभर भिंतीला टेकला की औषध भिंतीत मुरतं आणि जखमेवरची अतिवाढ रोखतं. २०१२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेला पायाचा पहिला औषधी स्टेंट हेच औषध लेवून आला, आणि तो कुकच्याच कंपनीचा होता. डॉटर यांच्या शेजारच्या जंगलातल्या सालीतलं औषध, नंदुरबारच्या माणसाने शोधलेलं, ब्लूमिंग्टनच्या जाळीवर. कादंबरीकाराने लिहिलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

२०१८ च्या डिसेंबरात मात्र सगळ्यांचीच झोप उडाली. ग्रीसमधल्या पात्रा इथल्या कात्सानोस आणि सहकाऱ्यांनी २८ चाचण्यांमधल्या ४,६६३ रुग्णांचे आकडे एकत्र मांडले. दोन वर्षांनी मृत्यूचं प्रमाण औषधी उपकरणवाल्यांत ७.२ टक्के, इतरांत ३.८. पाच वर्षांनी १४.७ आणि ८.१. ज्या इलाजाने पाय वाचतो त्यानेच माणूस जातो की काय? अमेरिकी औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारे दिले, चालू चाचण्या थांबल्या, वापर घसरला. इतक्या थोड्या औषधाने, इतक्या उशिरा, मृत्यू नेमका कशाने होतो, हे मात्र कुणाला सांगता येईना. २०२० मध्ये स्वीडनच्या चाचणीतल्या २,२८९ रुग्णांची मधली मोजणी आली. दोन्ही गटांत मृत्यू जवळजवळ सारखे, २५.५ आणि २४.६ टक्के. जुलै २०२३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने इशारा मागे घेतला. त्या साडेचार वर्षांत किती पाय साध्या फुग्यावर भागवून न्यावे लागले असतील, याचा हिशेब कुठल्याही तक्त्यात सापडायचा नाही.

चुनखडीसारख्या कडक झालेल्या धमन्यांसाठी, आणि मधुमेह्यांच्या धमन्या बऱ्याचदा तशा असतात, एक नवी युक्ती २०१६ नंतर रूढ झाली. मुतखडा फोडायला बाहेरून ध्वनिलहरींचा मारा करतात, तोच मारा फुग्याच्या आतून. कडक थराला तडे जातात, मऊ भिंत बचावते. हा फुगा बनवणारी कंपनी २०२४ मध्ये तेरा अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. दहा डॉलरला एक कॅथेटर, इथपासूनचा हा पल्ला.

एवढ्या पैशाची सावलीही पडली. अमेरिकेत रुग्णालयाबाहेर, डॉक्टरच्या स्वतःच्या दवाखान्यात ही उपकरणं वापरली की विम्याकडून घसघशीत मोबदला मिळू लागला, तेव्हा जिथे चालण्याचा सल्ला पुरला असता तिथेही तार आत जाऊ लागली. विनोद असा, की चालण्याचा सल्ला खरंच औषध आहे. २०१२ मध्ये १११ रुग्णांवरच्या एका अमेरिकी चाचणीत देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा, दुखेस्तोवर चालणं आणि मग थांबणं एवढंच करणारे सहा महिन्यांनी स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालू शकले. त्याला ना परवाना लागतो, ना त्याचे शेअर निघतात.

पाय गमावण्याच्या कडेला आलेल्या रुग्णांसाठी मात्र सर्जनचा प्रश्न जिथल्या तिथे होता : शिवायचं की फुगवायचं? २०२२ मध्ये १,८३० रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पायात बायपासला चांगली शीर होती, त्यांत बायपास जिंकला. पाय कापावा लागणं, पुन्हा मोठा उपचार किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी बायपासवाल्या ४२.६ टक्क्यांना घडलं, तार-फुगावाल्या ५७.४ टक्क्यांना. सर्जननी मिशीला पीळ दिला असेल-नसेल, तोच २०२३ मध्ये ब्रिटिश नेतृत्वाखालच्या ३४५ रुग्णांच्या चाचणीने उलट कौल दिला. तिथे गुडघ्याखालच्या धमन्यांचे रुग्ण जास्त म्हातारे, जास्त खंगलेले होते, आणि पाय जाणं किंवा मृत्यू बायपासनंतर ६३ टक्के, तार-फुग्यानंतर ५३. दोन्ही चाचण्या चोख. फरक होता तो माणसांत. धट्टाकट्टा, शीर चांगली असलेला रुग्ण सर्जनकडे. थकलेला, शीर नसलेला नळीकडे. पोर्टलंडच्या त्या ८२ वर्षांच्या बाईंना आज पाठवायचं झालं, तर चिठ्ठी पुन्हा डॉटर यांच्याच खोलीकडे गेली असती.

ताकीद मात्र लिहिता आली नसती. आज रक्तवाहिन्यांचा सर्जन व्हायचं तर सुरी जितकी शिकावी लागते तितकीच तार, कॅथेटर आणि फुगाही. चिठ्ठी लिहिणारा आणि ती वाचणारा आता बऱ्याचदा एकच माणूस असतो. सोमवारी तो शीर शिवतो आणि मंगळवारी शिशाचं एप्रन चढवून, जांघेत सुई टोचून, पडद्यावर तार कुठवर गेली ते बघत उभा असतो.